अल्बेनियातलं हिमारा : सारांदाहून एका दिवसाची ट्रिप (अनुभव, माहिती, प्रश्न)

पायवाट

मागच्या जूनमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई, ग्रीसच्या कोर्फू बेटावर गेलो होतो. तिथून समोरच्या काठाचे डोंगर रोज सकाळी दिसायचे आणि सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, पलीकडे कुठला देश गं, जाता येतं का तिकडे. अल्बेनिया, आणि येतं की. फास्ट बोटीने अर्ध्या तासात तिथलं सारांदा, मोठी फेरी घेतली तर सव्वा तास. मग कोर्फूच्या दोन रात्री कमी केल्या, तीन रात्री सारांदाला राहिलो आणि त्यातला एक अख्खा दिवस हिमाराला दिला. त्या दिवसाबद्दलच लिहितेय कारण मराठीत याबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं.

सारांदाला येणारे बहुतेक लोक दक्षिणेला क्सामिलला जातात. आम्हीही गेलो एक दुपार. पाणी खरंच सुंदर आहे, पण खुर्च्या आणि छत्र्या इतक्या चिकटून की वाळूवर टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते. हिमारा उलट दिशेला, उत्तरेला, पन्नासेक किलोमीटर. किलोमीटर कमी वाटले तरी दीड तास धरा, कारण रस्ता डोंगराच्या कमरेवरून सतत वळत जातो, आणि आम्ही तर दर दहा मिनिटांनी थांबत होतो.

सारांदातच भाड्याने गाडी घेतली, सात वाजता निघालो. आधी लुकोवा लागतं, तिथे अख्खे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले आहेत, ऑलिव्ह आणि संत्र्या-लिंबांसाठी. कम्युनिस्ट काळात शाळा-कॉलेजातल्या मुलांना शिबिरं लावून नेलं जायचं आणि हाताने हे टप्पे खणून घेतले. मग बोर्श, तिथला किनारा मैलोनमैल सरळ आणि मागे ऑलिव्हची जुनी झाडं, खोडं अशी पिळलेली की लेक एकेका झाडाला नाव देत बसली. मग चेपारो, त्यातलं जुनं गाव वर डोंगरात आणि नवं खाली समुद्राशी.

पोर्तो पालेर्मोला नक्की थांबा. हिमाराच्या सात-आठ किलोमीटर अलीकडे एक खाडी आहे आणि तिच्या मधोमध जिभेसारखा जमिनीचा तुकडा, त्यावर तिकोनी किल्ला. अली पाशा तेपेलेना, जो ऑटोमन सुलतानाचा सरदार असून जवळपास स्वतःचंच राज्य चालवायचा आणि १८२२ साली मारला गेला, त्याचा म्हणून ओळखतात. काही जण मूळ व्हेनिसच्या लोकांचा सांगतात. आतमध्ये कमानींची दालनं, इतकी काळोखी की मोबाईलचा टॉर्च लावूनच फिरलो. आणि मग दगडी जिन्याने वर गच्चीवर आलं की एकदम डोळ्यांपुढे तो निळा रंग. सासूबाई गुडघ्यांमुळे जिना चढणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या चढल्या, आणि अर्धा तास खाली यायला तयार नव्हत्या.

हिमारा दोन भागांत आहे. खाली समुद्रालगतचं नवं गाव, स्पिले म्हणतात त्या किनाऱ्याला, तिथे हॉटेलं, कॅफे, फिरायला फरसबंद रस्ता. पांढऱ्या गोट्यांचा किनारा, वाळू नाही, पायात रबरी चपला हव्यातच. लेक आणि नवरा तिथे तीन तास पाण्यात होते. पाणी सांगायची गरज नाही, फोटो टाकतेय.

पण मला सांगायचंय ते वरच्या गावाबद्दल. टेकडीवर जुनं हिमारा आहे, तटबंदीच्या आत. वस्ती इतकी जुनी की प्लिनी या रोमन लेखकानेही नोंद केलीये, आणि भिंतीच्या तळाशी ते प्रचंड, वेडेवाकडे घडवलेले पण एकमेकांत पक्के बसलेले दगड अजून दिसतात. चर्चेस आहेत, बारकी, काहींचं छप्पर गेलेलं. आणि घरं. दगडी घरं, वर द्राक्षाचे मांडव, आणि बहुतेकांना कुलपं.

गल्लीत एका दारात एक आजी पाय पसरून बसल्या होत्या, आम्ही चौघं घामाघूम चढून आलेलो पाहून त्यांनी हातानेच बोलावलं. आतून पाणी आलं आणि बशीत एकेक अंजीर, पाकात शिजवलेलं, अख्खं. ग्लिको म्हणतात त्याला, पाहुणा आला की द्यायची पद्धत. आजी ग्रीक बोलत होत्या, आम्हाला ओ की ठो कळेना, पण त्यांची मुलगी सुट्टीला अथेन्सहून आलेली, तिला इंग्लिश येत होतं. ती म्हणाली, नव्वदच्या दशकात ही गल्ली जवळजवळ पूर्ण ग्रीसला गेली. आता ऑगस्टमध्ये लोक येतात, १५ ऑगस्टला मेरीचा सण असतो तेव्हा घरं उघडतात, पंधरा दिवस गजबज, मग परत कुलपं. आणि बाकीचं वर्ष? तिने आईच्या डोक्यावरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे चार-पाच किल्ल्यांचे जुडगे टांगलेले होते. शेजाऱ्यांचे.

सासूबाई गुहागरजवळच्या वाडीत राहतात. त्यांच्या माजघरातही असाच खिळा आहे आणि त्यावर तीन घरांच्या किल्ल्या आहेत, मुंबईला गेलेल्यांच्या. पावसाच्या आधी जाऊन कौलं बघायची, गणपतीच्या आधी झाडलोट करून ठेवायची. त्यांनी मला ते मुलीला सांगायला लावलं, मुलीने आईला सांगितलं, आणि मग त्या दोघींनी एकमेकींचा हात जो धरला तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. भाषा नाही काही नाही. मी तिथून हललेच नाही, समुद्रात पाय घालायचे राहिले माझे त्या दिवशी आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी सहाला निघून अंधाराच्या आत सारांदात. काही विचारायचं असेल तर विचारा.

---

मोरपीस

वाचताना डोळ्यात पाणी आलं. खिळ्यावरच्या किल्ल्या आमच्याही घरी आहेत, राजापूरला. आता काका एकटेच आहेत वाडीत. फोटोतली ती गल्ली बघून नवऱ्याला म्हटलं हे आपल्याकडचंच आहे, फक्त चिरा नाही तिथे.

---

सातारी_कंदी

मस्त लिहिलंय ताई. व्हिसाचं काय केलंत? आम्ही दोघं सप्टेंबरात ग्रीसला जातोय पुण्याहून, शेंगेन व्हिसा मिळालाय. कोर्फूहून एक दिवस जाऊन येता येईल का?

---

पायवाट

@सातारी_कंदी, आमच्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे त्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. सासूबाई भारतातून आलेल्या, त्यांचा शेंगेन मल्टिपल एन्ट्री होता आणि आधी ग्रीसमध्ये शिक्का बसला होता, त्यावर चाललं. पण तुमच्या व्हिसावर काय छापलंय ते आधी बघा. सिंगल एन्ट्री असेल तर अजिबात जाऊ नका, कारण अल्बेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसावाल्या युरोपीय देशांत, नाही, तिकडे गेलात म्हणजे तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि ग्रीसला परत येताना अडकाल. निघायच्या आधी दूतावासाच्या साइटवर ताजे नियम बघून घ्या, हे बदलत असतात.

आणि कोर्फूहून एका दिवसात सारांदा होईल, हिमारा नाही. म्हणजे होईल, पण निम्मा दिवस गाडीत आणि बोटीत जाईल. एक रात्र तरी राहाच.

अजून एक, अल्बेनियाचं घड्याळ ग्रीसच्या एक तास मागे आहे. सारांदाच्या किनाऱ्यावर मोबाईल कधी कधी समोरच्या कोर्फूचा टॉवर पकडतो आणि वेळ आपोआप एक तास पुढे सरकते. बोटीच्या दिवशी हातातलं घड्याळ वापरा.

---

घाटमाथा

हिमाराला दक्षिणेकडून गेलात ते ठीकच, पण खरा रस्ता उत्तरेकडून आहे. आम्ही व्लोरा शहराहून आलो होतो, लोगारा घाट चढून. घाट साधारण हजार मीटर उंचीवर आहे, चढताना पूर्ण पाइनचं जंगल, गार, धुकं, समुद्राचा पत्ता नाही, आणि मग खिंड ओलांडली की एका वळणावर अख्खा आयोनियन समुद्र थेट पायाखाली. थेट म्हणजे थेट, डोंगर उतरत नाही, कोसळतो. त्या डोंगररांगेचं ग्रीक नावच कडाडणाऱ्या विजेवरून पडलंय, केरावनिया, आणि तिचं सर्वात उंच शिखर चिका २०४५ मीटर. समुद्रापासून इतक्या जवळ इतकी उंची मी दुसरीकडे बघितली नाही. खिंडीजवळ वाऱ्याने एका बाजूला वाकलेला एक पाइन आहे, झेंडा फडकतोय तसा, त्याला झेंड्याचा पाइनच म्हणतात. पॅराग्लायडिंगवाले तिथूनच उड्या मारतात.

आणि खाली उतरलं की जो पहिला किनारा, पालास, तिथे इसवी सनपूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझर उतरला होता. आपला प्रतिस्पर्धी पाँपी याच्या मागावर, ऐन हिवाळ्यात, इटलीतल्या ब्रुंडिझियमहून जहाजं काढून. हिवाळ्यात कोणी समुद्र ओलांडत नाही म्हणून समोरचे गाफील होते. सैन्य घेऊन तो याच डोंगरातून पलीकडे ओरिकुम बंदराकडे गेला. म्हणून या खिंडीला सीझरची खिंड म्हणतात.

तर माझं म्हणणं, २०२४ मध्ये बोगदा सुरू झालाय, सहाएक किलोमीटरचा. सगळे आता त्यातून जातात आणि पंधरा मिनिटांत पलीकडे. कृपा करून बोगद्यातून जाऊ नका. तो घाट चुकवायचा असेल तर मग हिमाराला जाताच कशाला.

---

केतकी_वन

@घाटमाथा, तुमचं वर्णन सुंदर आहे पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. माझ्या आईला गाडी लागते, आम्ही बोगद्याआधीच्या वर्षी त्या घाटातून गेलो होतो आणि उतरताना तिचे जे हाल झाले त्यानंतर दिवसभर ती हॉटेलात झोपून होती. तिने ना हिमारा पाहिलं ना समुद्र. बोगदा असता तर पाहिलं असतं.

आणि तिथे राहणाऱ्यांचा विचार करा ना. हिवाळ्यात त्या घाटात बर्फ असतो. हिमाराच्या माणसाला व्लोराच्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं तर त्या वळणांवरून जायला लागायचं. आमच्या गेस्टहाऊसच्या बाईंची सून बाळंतपणाला जानेवारीत तिथून गेली होती, त्या सांगत होत्या. आपण वर्षातून एकदा व्ह्यू बघायला जाणार, त्यांना रोज जायचंय.

---

घाटमाथा

@केतकी_वन, खरं आहे तुमचं. हॉस्पिटलचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, बाळंतिणीचं वाचून वाईट वाटलं. शब्द मागे घेतो. एवढंच म्हणतो की ज्यांना झेपतं त्यांनी जाताना घाट आणि येताना बोगदा असं करावं. घाटावरच्या हॉटेलवाल्यांचा धंदाही बोगद्याने बसलाय, वर थांबून चहा घेतलात तर त्यांनाही बरं. डोंगरी चहा मागा, चाय माली. चाय म्हणजे चहाच, शब्द तोच. रानातली वाळलेली काडी फुलांसकट उकळून देतात, मध घालून.

---

चहाबाज

शाकाहारी लोकांचं काय? आमच्याकडे दोघं अंडंही खात नाहीत. समुद्रकाठ म्हणजे सगळं मासळी-मासळी असेल असं वाटतंय.

---

पायवाट

@चहाबाज, सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि मला स्वतःला याचंच टेन्शन होतं, डब्यात थालीपिठाची भाजणी घेऊन गेले होते. पीठ जसंच्या तसं परत आलं.

सकाळी ब्यूरेक. पापडासारखे पातळ पदर एकावर एक, मध्ये सारण, मोठ्या गोल परातीत भाजतात आणि तुकडा कापून कागदात देतात. पालकाचं मागायचं किंवा जीझचं, जीझ म्हणजे दह्या-ताकाचं पाणी काढून केलेला मोकळा छाना, आपल्या पनीरच्या चुऱ्यासारखा पण खारट. मांसाचंही असतं, दिसायला सारखंच, म्हणून विचारून घ्यायचं. अंडं न खाणाऱ्यांनी सारणात अंडं आहे का हेही विचारा, काही ठिकाणी घालतात. आणि ब्यूरेकबरोबर लोक काय पितात तर ताक! धाल म्हणतात. गार, खारट, जरा दाट. सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या यात जिरं आणि हिंग पडलं की झालं. रोज सकाळी दोन ग्लास.

दुपारी हिमारात भात आणि भाज्या भरलेल्या मिरच्या मिळाल्या, ढोबळीच असते, तिखट नाही. फेर्गेसा म्हणून एक प्रकार आहे, भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो आणि जीझ मातीच्या भांड्यात आटवलेलं, पावाशी खायचं. काही जागी त्यात कलेजी घालतात, तेव्हा परत तेच, विचारायचं. बाकी टोमॅटो-काकडी-कांदा आणि वर घरचं ऑलिव्हचं तेल, ते तेल मी बाटलीभर आणलं आणि संपताना रडायला आलं.

आणि लोक समजून घेतात हो. ग्रीक उपासाच्या दिवसांत त्यांच्याकडेही मांस-अंडी-दूध वर्ज्य असतं, त्यामुळे आजींना आमचं न खाणं जराही विचित्र वाटलं नाही. त्यांच्या मुलीने विचारलं तुमचा उपास आहे का आज, मी म्हटलं हो, जन्मभराचा.

---

भटक्या२२

गाडी नसेल तर? मी विद्यार्थी आहे, मिलानला. ऑगस्टमध्ये जायचा विचार आहे, लायसन्स भारतातलं आहे.

---

दर्यावर्दी

@भटक्या२२, मी बसने केलंय, दोनदा. सारांदाहून हिमाराला दिवसातून मोजक्या बस असतात, आणि फुरगोन असतात, म्हणजे मिनिबस, भरली की सुटते, पाटीवर वेळ लिहिलेली असली तरी आदल्या दिवशी जाऊन विचारून या. रस्त्यात कुठेही हात केला तर थांबतात. पैसे उतरताना द्यायचे, रोख, लेकमध्ये (लेक हे तिथलं चलन). लहान गावात कार्डावर अवलंबून राहू नका.

आता पैशांवरून. मला पहिल्या वेळी हिमारात एका टॅक्सीवाल्याने लिवाध बीचवरून गावात सोडायचे पाच हजार सांगितले. युरोला साधारण शंभर लेक, म्हणजे पन्नास युरो, पाचेक किलोमीटरला! मी चिडलो, आवाज चढवला. तो बिचारा गोंधळला. शेवटी त्याने कागदावर ५०० लिहून दाखवलं. झालंय असं की १९६५ मध्ये त्यांनी चलनातलं एक शून्य काढलं, जुने दहा म्हणजे नवा एक, पण लोकांच्या तोंडी अजून जुनाच हिशोब आहे. साठ वर्षं झाली. जे तेव्हा जन्मलेही नव्हते तेही जुन्यात बोलतात. नोटेवर आणि बिलावर मात्र नवीन आकडा. त्यामुळे रक्कम दहापट वाटली की शांतपणे विचारायचं, जुने की नवे? लिहून दाखवा. मी त्या माणसाची माफी मागितली, त्याने मला कॉफी पाजली.

आणि दुसरा मोठा मुद्दा, परतीची शेवटची बस संध्याकाळी असेल असं गृहीत धरू नका. माझी चुकली. उन्हात स्टॉपवर बसलो होतो, एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन चालले होते, त्यांनी विचारलं, मी सारांदा म्हटलं, त्यांनी मान आडवी हलवली, मला वाटलं नाही म्हणतायत. दक्षिणेत जुन्या लोकांची मान उलटी चालते, आडवी म्हणजे हो आणि वर उचलली म्हणजे नाही. आपली मान हलवायची पद्धत बघून त्यांचाही गोंधळ होतो! तर ते हो म्हणत होते. मला बोर्शपर्यंत सोडलं, तिथे फोन करून भाच्याला बोलावलं आणि भाच्याने सारांदापर्यंत आणलं. पैसे घेतले नाहीत. बेसा हा त्यांचा शब्द आहे, दिलेलं वचन आणि दारात आलेल्याची जबाबदारी, दोन्ही एका शब्दात. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो.

---

भटक्या२२

बाप रे, जुन्या लेकचं वाचून बरं झालं. धन्यवाद दादा. वाचनखूण साठवली.

---

आजोबा_नेरूळ

पायवाट यांनी नव्वदच्या दशकात गल्ली रिकामी झाली असं लिहिलंय त्यामागचं थोडं सांगतो. मी बँकेत होतो आणि त्या वेळच्या बातम्या मला नीट आठवतात.

कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होता. आधी युगोस्लाव्हियाशी, मग रशियाशी, मग चीनशीही बिनसलं आणि देश पूर्ण बंद. खासगी मोटार ठेवायला बंदी. १९६७ मध्ये धर्मावर बंदी, चर्च-मशिदी बंद, काही गोदामं केली. पायवाट यांनी पाहिलेल्या बिनछपराच्या चर्चेसकडे त्या नजरेनेही बघा. देश सोडणं हा देशद्रोह. समोर कोर्फू दिसतोय, दक्षिणेला तर मधलं पाणी दोन-तीन किलोमीटर, आणि पोहून जाणाऱ्यावर गोळी. हा जो किनारा आज आपण फोटोत बघतो तो त्या काळी पहाऱ्यातला किनारा होता.

राजवट कोसळल्यावर दारं उघडली आणि लोक निघाले. हिमाराचे बरेचसे ग्रीक बोलणारे, त्यांना ग्रीसला जाणं भाषेमुळे सोपं. जे राहिले त्यांच्यावर १९९७ चं संकट आलं. पैसे काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट करून देतो म्हणणाऱ्या योजना, आपल्याकडच्या चिटफंडांसारख्या, पण अख्खा देश त्यात होता. लोकांनी घरं विकून, गुरं विकून, ग्रीस-इटलीतून आलेली कमाई घालून पैसे गुंतवले. नव्यांचे पैसे जुन्यांना देण्यावर चाललेलं ते, कधीतरी थांबणारच. थांबलं तेव्हा दंगे झाले, शस्त्रागारं लुटली, दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. दुसरी लाट तेव्हा बाहेर पडली. बुडालेल्या ठेवीदाराचा चेहरा मी काउंटरच्या अलीकडून पाहिलाय, म्हणून हे वाचताना अख्ख्या देशाचा विचार करून पोटात गोळा आला होता.

---

दर्यावर्दी

@आजोबा_नेरूळ, छान सांगितलंत. त्यात बंकरांचं घालतो. रस्त्याच्या कडेला, ऑलिव्हच्या बागेत, बीचवर, सगळीकडे काँक्रीटच्या अळंब्या दिसतील, ते होजाचे बंकर. दीड लाखाहून जास्त बांधले देशभर, कोणी हल्ला केलाच नाही. आता काहींत शेळ्या असतात.

आणि पोर्तो पालेर्मोच्या किल्ल्याच्या गच्चीवरून खाडीच्या उत्तरेला बघा, कड्यात समुद्राच्या पातळीला एक भलंमोठं काळं तोंड आहे. पाणबुड्यांचा बोगदा, डोंगर आरपार पोखरून केलेला, म्हणजे विमानातून पाणबुडी दिसूच नये. मी मर्चंट नेव्हीत होतो त्यामुळे मला याची फार ओढ. १९६१ मध्ये रशियाशी फाटलं तेव्हा व्लोराच्या तळावर रशियाच्या बारा पाणबुड्या होत्या, आठ रशियाने नेल्या, चार अल्बेनियाने ठेवून घेतल्या. त्याच वर्गाच्या पाणबुड्यांसाठी हा बोगदा. जागा लष्कराची आहे, जवळ जायचा प्रयत्न करू नका, रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरे.

---

अनवाणी

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी मागच्या ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि मला हिमारा आवडलं नाही. पार्किंगला पाऊण तास. खाली प्रत्येक वीतभर जागेवर भाड्याच्या खुर्च्या, रात्री दोनपर्यंत गाणी. धर्मीकडे (गावाचं नावच धर्मी आहे!) डोंगरउतारावर क्रेन आणि सिमेंट. तुम्ही सगळे असं लिहिताय की वाचून अजून हजार लोक जातील आणि पाच वर्षांत क्सामिल होईल त्याचं.

---

पायवाट

@अनवाणी, राग कशाला, तुमचं म्हणणं मलाही डाचतं. धागा काढावा की नाही यावर मी दोन महिने विचार केला. जूनमध्येही दोन ठिकाणी क्रेन दिसल्याच.

पण त्या आजींच्या मुलीला मी हेच विचारलं होतं, तुम्हाला ही गर्दी नको वाटते का. ती म्हणाली, माझा भाऊ अथेन्समध्ये वीस वर्षं गवंडीकाम करत होता, आता परत आलाय, खाली चार खोल्या भाड्याने देतो, आई एकटी नाही. मग मला बोलवेना. मोठी हॉटेलं आणि चार खोल्या यात फरक आहे, आपला पैसा कुठे द्यायचा ते आपल्या हातात आहे, गावातल्या घरी राहा, गावातल्या बाईकडून तेल घ्या. जुलै-ऑगस्ट टाळा, जून किंवा सप्टेंबरला जा. आणि वरच्या गावात गेलात तर ती लोकांची घरं आहेत, बंद असली तरी. आमच्या समोर एक ग्रुप कुणाच्या तरी अंगणातली अंजिरं तोडत होता. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

---

अनवाणी

हे पटलं. वर जायला हवं होतं, आम्ही बीचवरूनच परतलो.

---

मोरपीस

एक प्रश्न राहिला, तिथले लोक ग्रीक की अल्बेनियन? माझी एक ग्रीक सहकारी म्हणते ते सगळं ग्रीसच आहे.

---

पायवाट

@मोरपीस, यात मी खोलात जाणार नाही, तिथे हा दुखरा विषय आहे आणि आपण पाहुणे. मला दिसलं ते असं की एकाच दुकानात बाई गिऱ्हाइकाशी अल्बेनियनमध्ये आणि आईशी ग्रीकमध्ये बोलत होत्या. दोन्ही भाषांत आभार शिकून जा, फालेमिन्देरित आणि एफखरिस्तो. दोन्हीला लोक हसून उत्तर देतात.

---

सातारी_कंदी

धागा वर काढतोय. जाऊन आलो! सप्टेंबरचं ऑक्टोबर झालं, शेवटच्या आठवड्यात गेलो. व्हिसा मल्टिपल एन्ट्री निघाला, सारांदात दोन रात्री राहिलो.

हिमारा जवळपास बंद होतं. स्पिलेवर दोनच कॅफे उघडे, खुर्च्या-छत्र्या गायब, सगळा किनारा मोकळा. पाणी गार होतं पण बायको उतरलीच. दर्यावर्दींनी सांगितल्याप्रमाणे परतीची बस आधी विचारली, दुपारची होती, म्हणून आधी वरच गेलो. चढ चांगलाच आहे, पाणी घेऊन जा. वाटेत एका बागेत ऑलिव्हची तोडणी चालली होती, झाडाखाली जाळ्या पसरून लांब काठ्यांनी फांद्या झोडतात, आम्ही थांबून बघत होतो तर त्यांनी बायकोच्या हातात काठी दिली. अर्धा तास झोडलं दोघांनी, नंतर त्यांनी पाव आणि खारवलेलं चीज खायला दिलं.

पायवाट ताई, तुमची ती गल्ली सापडली. आजी होत्या. मोबाईलवर तुमच्या सासूबाईंचा फोटो दाखवला, तुम्ही पाठवला होतात तो. त्यांनी बराच वेळ हातात धरला. मुलगी नव्हती त्यामुळे बोलणं काहीच झालं नाही. खिळ्यावरचा एक जुडगा कमी होता. समोरचं घर उघडं होतं, खिडक्या सताड, आणि ओट्यावर गाद्या उन्हात टाकलेल्या. पाऊस सुरू व्हायच्या आधी हवा लावत होत्या बहुतेक. आम्ही गाद्या उलटायला हात लावला, मग बसची वेळ झाली.